चार हजारावरचा खड्डा

होलगेटांच्या घरातला पक्षी मुका झालाय, यावर घरातल्या दोघींचं एकमत होतं. एरवी या मायलेकींचं एकमत चहात दूध आधी घालायचं की नंतर, यावरही होत नसे. पर्सी हा मुठीएवढा हिरवा पोपट, पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीशी. मार्लीनच्या बापाने त्याला आपलंच एक वाक्य शिकवलं होतं, "एडना, चहा टाक." बाप गेला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पर्सीचीही वाचा बसली. "दुःखानं," असं मार्लीनची आई एडना येईल-जाईल त्याला सांगे. फक्त शेजारची व्हेरा टॅटरसॉल हे मानायला तयार नव्हती.

"मुका? अगं, सकाळी पाचपासून भिंतीपलीकडून टकळी चालू असते त्याची! उशी घेते मी कानावर."

एडना नुसती हसायची. व्हेराने सगळा जन्म पोस्टाच्या खिडकीत काढला होता, गिरणीच्या साळखात्यात, मागांपाशी, कधी पाऊल टाकलं नव्हतं. हॅगबर्नमध्ये अशा बाईचं बोलणं मनावर घ्यायची पद्धत नव्हती.

हॅगबर्न हे इंग्लंडच्या लँकेशरातलं विणकरांचं गाव. एडनाने तिथे मागांवर बेचाळीस वर्षं काढली. मार्लीन पंधराव्या वर्षी शाळा सोडून आईच्या शेजारच्या मागांवर उभी राहिली, आणि सहा वर्षांनी गिरणीच बंद पडली तेव्हा दोघी एकाच दिवशी घरी आल्या. एका छपराखाली तीनशे माग, प्रत्येकाचा धोटा मिनिटाला दोनशे वेळा इकडून तिकडे आपटणार. त्या गदारोळात ओरडून बोलायचं म्हणजे घसा फुकट घालवणं. बायका ओठांनी बोलत. आवाज काढायचा नाही, फक्त तोंड मोठं करून, भुवया उडवून शब्द दाखवायचा. त्याला त्या 'मी-मॉ' म्हणत. मुकादमाच्या डोळ्यांदेखत त्याचीच निंदा या भाषेत चाले आणि त्याला कळत नसे. मार्लीन हे आठवडाभरात शिकली. घरीही मायलेकींचं निम्मं बोलणं असंच होई, कारण एडनाला बाकी कसं ऐकूच येत नव्हतं. पण तसं म्हटलेलं तिला खपत नसे.

गिरणी बंद झाल्यावर बरोबरीच्या मुली बिस्किटांच्या कारखान्यात पुड्या बांधायला गेल्या. मार्लीनने संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पाच विषयांच्या परीक्षा दिल्या आणि तेविसाव्या वर्षी इस्पितळाच्या कान-तपासणी विभागात उमेदवार तंत्रज्ञ म्हणून लागली. शिक्षण दोन वर्षांचं. चार दिवस विभागात काम, पाचव्या दिवशी मँचेस्टरच्या कॉलेजात वर्ग, शेवटी लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. पास झालं की पांढरा कोट कायमचा. होलगेटांच्या सात पिढ्यांत पांढरा कोट कोणी घातला नव्हता, लग्नाचा झगा सोडला तर पांढरं कापड विणून ते दुसऱ्यांकडे पाठवणं एवढाच त्यांचा त्या रंगाशी संबंध.

विभाग म्हणजे दोन खोल्या, दोन ऑडिओमीटर आणि मिस्टर लेनर्ड क्रॅब्ट्री. क्रॅब्ट्री लढाईच्या काळात बिनतारी संदेश ऐकायचे. उंच, वाळके, उन्हाळ्यातही लोकरी बंडी घालणारे. खूश असले की मार्लीनला 'पोरी' म्हणत आणि बिनसलं की 'मिस होलगेट'. पहिल्या वर्षात ती जवळजवळ रोज मिस होलगेट होती.

"मिस होलगेट, सूर सोडताना तुमचा खांदा हलतो. समोरच्या बाईनं कानानं ऐकलं की तुमच्या खांद्यानं?"

तपासायला येणारा माणूस आवाजबंद खोलीत बसे. दाराला जाड रबर, भिंतीत दुहेरी काचेची खिडकी. बाहेर बसलेल्या तंत्रज्ञाने हेडफोनमधून एकेक सूर सोडायचा, जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत, हळू, आणखी हळू. ऐकू आलं की आतल्याने बटण दाबायचं. कुठल्या सुराला किती जोर लावावा लागला, ते ठिपके कागदावर मांडले की झाला कानाचा आलेख. ऐकायला सोपं वाटतं. पण विणकरणी काचेतून तोंडाकडे अशा बघत की तुमची पापणी लवली तरी बटण दाबलं जाई. मार्लीनने पहिल्याच महिन्यात त्यांची खुर्ची अर्धी वळवून ठेवायला सुरुवात केली. क्रॅब्ट्रींनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीतली खुर्चीही वळलेली होती.

हॅगबर्नचे आलेख सगळे एका घरचे असावेत असे दिसत. रेघ डावीकडून नीट चालत यायची आणि चार हजाराच्या, म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनांच्या बारीक सुरापाशी धाडकन खाली जायची, मग पुढे थोडीशी वर. मागांच्या खडखडाटाने कानाचा नेमका तोच भाग मरतो. विभागात त्याला 'विणकरी खड्डा' म्हणत.

"या गावात खड्डा नसलेला आलेख निघाला," क्रॅब्ट्री म्हणायचे, "तर पत्ता विचार. माणूस बाहेरगावचा असणार."

आता कोणीही विचारील, की या पोरीने स्वतः सहा वर्षं माग चालवले, मग तिच्या कानाचं काय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. विभागात उमेदवाराचा आलेख कधी कोणी काढला नाही, कारण रोजच्या रांगेतून वेळ कुणाला होता? कॉलेजात मुलं एकमेकांवर सराव करत, तेव्हा निरोगी कान तपासून शिकायला काही मिळत नाही म्हणून मास्तर प्रत्येकाच्या कानात मेणाचा बोळा बसवायचे. मार्लीनच्या आलेखात भला मोठा खड्डा निघाला. मास्तर खूश झाले. "मेण झकास बसलंय," म्हणाले.

दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात क्रॅब्ट्रींनी तिच्या हातात एक कोरी वही दिली. सकाळची वही. रोज पहिला माणूस यायच्या आधी तंत्रज्ञाने पहिल्या खोलीतल्या यंत्राचा हेडफोन स्वतःच्या डोक्याला लावायचा, प्रत्येक सूर दोन्ही कानांनी ऐकायचा आणि वहीत तारीख घालून लिहायचं: ठीक. इतकी वर्षं हे क्रॅब्ट्री स्वतः करत. हातात वही येणं म्हणजे आपल्यावर विश्वास बसला, एवढं मार्लीनला कळत होतं. त्या दिवशी ती बसने न जाता चालत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार हजाराचा सूर आलाच नाही. तिने जोर वाढवला. दहा, वीस, चाळीस डेसिबल. पंचावन्नावर कुठेतरी लांब डास गुणगुणल्यासारखं वाटलं. दुसऱ्या कानालाही तेच. तिने तिथल्या तिथे वहीत लिहिलं, "४००० फार मंद, यंत्र नादुरुस्त," आणि धावत जाऊन क्रॅब्ट्रींना सांगितलं. क्रॅब्ट्री तेव्हा दुसऱ्या खोलीत कानाच्या मशीनसाठी एका बाईच्या कानाचा साचा घेत बसले होते. ते म्हणाले, "शाब्बास पोरी, म्हणूनच ती वही असते." त्या दिवशीच्या लोकांना परत पाठवलं आणि मँचेस्टरहून दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

दुरुस्तीवाला आला, यंत्र उघडलं, तारा लावून मोजलं, पुन्हा मोजलं, शेवटी झाकण लावून कपाळावरचा घाम पुसला.

"केसाचाही फरक नाही. कुणी म्हटलं मंद आहे?"

"मी," मार्लीन म्हणाली.

"मग कान धुऊन घे बाई," तो हसून म्हणाला, आणि आपली पेटी उचलून गेला.

मार्लीन हसली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती दुसऱ्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि तिथल्या यंत्राचा हेडफोन लावला. चार हजार: पंचावन्न. हेडफोन उलटा लावला, डावा उजवीकडे. पंचावन्न. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिने लोकांच्या बाबतीत कितीदा वापरली असेल. आता ती तिथे बसून राहिली, आणि तिला मेणाचा बोळा आठवला, आणि मग व्हेरा टॅटरसॉलची उशी आठवली. पर्सी मुका झालेला नव्हता.

तिला भीती वाटली, साधी सरळ भीती. मागच्याच वर्षी रक्ततपासणी विभागातल्या एका उमेदवाराला रंग नीट ओळखता येत नाहीत असं आढळलं आणि आठवडाभरात त्याला घरी बसवलं. आता कानाच्या विभागात बहिरी बाई कोण ठेवेल? परीक्षा जूनमध्ये होती. आठ महिने काढले की प्रमाणपत्र हातात, मग कोण विचारतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने वहीत लिहिलं, "दुरुस्तीवाल्याने तपासले. ठीक."

आणि मग रोज ठीक. बाकीचे सूर ती प्रामाणिकपणे ऐकायची. चार हजार आला की खटका पटकन पुढे फिरवायची, भांडण झालेल्या शेजाऱ्याच्या दारावरून माणूस मान खाली घालून जातो तशी. आपल्याला पंचावन्नावर ऐकू येतं हे तिला माहीत होतं. तेवढं ऐकून पाहावं, हे मात्र तिच्या मनात आलं नाही. त्या सुराची तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटते तिकडे माणूस बघत नाही.

त्याच दिवसांत तिने एडनाला तपासणीला आणलं. वर्षभर ती आईच्या मागे लागली होती. एडनाचं उत्तर ठरलेलं, "मला ऐकायचं ते ऐकू येतं." पण त्या महिन्यात मासळीच्या दुकानात तिला रांगेतून कोणीतरी मागून दहादा हाक मारली आणि शेवटी खांद्याला धरून बाजूला केलं. त्याचा तिला अपमान वाटला. घरच्या माणसाला आपण तपासायचं नाही हा विभागाचा नियम, म्हणून एडनाला क्रॅब्ट्रींनी पहिल्या खोलीत तपासलं. खड्डा इतका खोल निघाला की त्यांनी चष्म्यावरून दोनदा पाहिलं. त्या हिशेबाने त्यांनी तिला बारीक सूर खूप उचलणारं, सगळ्यात जास्त ताकदीचं कानाचं मशीन दिलं.

एडनाने ते दोन दिवस कानात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते चहाच्या डब्यात गेलं.

"किंचाळतं मेलं! काटा-चमचा ठेवला तरी कानात सुरी फिरते."

"सवय लागेपर्यंत सगळ्यांनाच तसं वाटतं," मार्लीन म्हणाली. विभागात दिवसातून चारदा म्हणायचं वाक्य ते.

"मी सगळी आहे का? मी तुझी आई आहे."

"तू हट्टी आहेस. घाल ते."

"तूच घाल. कोट मिळाला नाही अजून, आणि डॉक्टरीण झालीस."

दोघी चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत, ओठांनीसुद्धा नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी शाळेने एक मुलगी पाठवली. हेदर लुंड, वय आठ, वर्गात लक्ष देत नाही अशी तक्रार. मार्लीनने तिला खोलीत बसवलं, सूर सोडले, ठिपके मांडले, रेघ जोडली. रेघ नीट चालत आली आणि चार हजारापाशी धाडकन खाली गेली. दोन्ही कान. अगदी गावच्या रिवाजाप्रमाणे.

तिने सवयीने खाली लिहायला पेन टेकवलं, 'विणकरी', आणि हात थांबला. गिरणी बंद झाली तेव्हा ही पोर चार वर्षांची होती.

बाहेर बाकावर मुलीची आई विणकाम करत बसली होती. मार्लीनने तिला विचारलं, घरी कोणी बंदूक उडवतं का, मोठ्या आवाजाचं काही. "आमच्याकडे?" ती बाई म्हणाली. "यांचं वाचनालय आहे हो." मार्लीनने हेदरला हाताला धरून दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावर बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून तपासलं. रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ आली. पोरीचे कान उत्तम होते. तिला गणित आवडत नव्हतं, इतकंच.

मग मार्लीन पहिल्या खोलीत परतली, हेडफोन लावला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा चार हजाराचा खटका मुद्दाम फिरवला. पंचावन्नावर काही नाही. साठ, सत्तर. ऐंशीला तो डास गुणगुणला. यंत्र पंचवीस डेसिबल कमी बोलत होतं, आणि गेल्या दुरुस्तीपासून कोणत्या दिवशी ते कमी बोलायला लागलं हे सांगायला कोणी नव्हतं, कारण सांगायचं काम तिचं होतं. गावात सगळ्यांनाच खड्डा. तो आणखी खोल दिसला तर कुणाला संशय येणार?

अजून एक वाट मोकळी होती, आणि ती मार्लीनला स्वच्छ दिसली. वहीत आज सकाळीही 'ठीक' लिहिलेलं होतं. यंत्र आज दुपारी बिघडलं, असं म्हटलं की झालं. क्रॅब्ट्री शाब्बास पोरी म्हणाले असते. जूनमध्ये परीक्षा झाली असती. मागच्या तीन आठवड्यांत ज्यांचे कान चुकीचे मोजले गेले ते आपापली किंचाळणारी मशीनं डब्यात टाकून बसले असते, आणि त्यांना सांगितलं गेलं असतं की सवय होईल.

मग तिला आपला घरचा चहाचा डबा आठवला. तिने वही उचलली.

क्रॅब्ट्री चहात बिस्किट बुडवत होते. मार्लीनने उभ्यानेच सगळं सांगितलं, दुरुस्तीवाल्यापासून हेदर लुंडपर्यंत. बिस्किट तुटून कपात पडलं. त्यांनी ते काढलं नाही.

"किती दिवस?"

"बावीस."

"मिस होलगेट, ही वही कशासाठी असते?"

"माहितेय मला."

"तुम्हाला माहीत नाही. माहीत असतं तर असं केलं नसतंत. तुम्ही एक अक्षर लिहिलंत आणि त्या भरवशावर मी तुमच्या आईला तपासलं. मी!" त्यांचा आवाज चढला तसा बाहेरच्या बाकावरच्या बायका गप्प झाल्या. "का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही मला काढलं असतंत."

क्रॅब्ट्रींनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "पहिल्या वर्षी सांगितलं असतंत, तर हो. बहुतेक काढलं असतं." खोटा धीर द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "चला. आत बसा."

त्यांनी तिला दुसऱ्या खोलीत बसवलं, खुर्ची अर्धी वळवली आणि तिचे कान तपासले. वीस मिनिटं. आलेख काढला, सही केली. मग कपाटातून जुन्या वह्या काढून एकेकीचं पहिलं पान तिच्यासमोर उघडलं. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एक आलेख चिकटवलेला होता. क्रॅब्ट्रींचाच. एकसष्ट सालचा, चौसष्टचा, अडुसष्टचा. शेवटच्या आलेखात बारीक सुरांची रेघ चांगलीच खाली उतरली होती.

"आठ हजाराचा सूर मला पंचेचाळिसाच्या खाली ऐकू येत नाही," ते म्हणाले. "मला ते माहीत आहे. म्हणून रोज सकाळी मी तो पंचेचाळिसावर ऐकतो. आला तर यंत्र ठीक. नाही आला तर यंत्र बिघडलं, मी नाही. कान कसा आहे याला महत्त्व नाही, मिस होलगेट. तो कसा आहे हे लिहून ठेवलेलं असावं लागतं. तुम्ही चार हजाराचा सूर पंचावन्नावर ऐकला असतात तर ज्या दिवशी बिघडला त्याच दिवशी पकडला असतात."

मार्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, कारण पुसलं तर दिसलं असतं.

"आणि नवी वही तुम्हाला दिली तेव्हा तिचं पहिलं पान कोरं होतं," क्रॅब्ट्री म्हणाले. "ते भरून घेणं माझं काम. मी वीस वर्षं गावचे खड्डे मोजतोय, आणि रोज समोर बसणारी विणकरीण मला दिसली नाही. मोठ्या डॉक्टरांना लिहीन त्यात हेही लिहीन. बाकी ते काय ठरवतील ते ठरवतील. जा घरी."

मोठ्या डॉक्टरांनी ठरवायला नऊ दिवस घेतले. दुरुस्तीवाला पुन्हा आला. त्याने आधीच्या खेपेला झाकण उघडलं तेव्हाच एक जोड ढिला राहिला होता. "चांगल्या यंत्राला आपण डॉक्टर बोलावला," क्रॅब्ट्री म्हणाले, "आणि तो त्याला आजार लावून गेला." ते नऊ दिवस मार्लीनला कोणाच्याही कानाला हात लावायची मनाई होती. ती मागच्या खोलीत बसून पत्रं लिहीत होती. त्या बावीस दिवसांत पहिल्या खोलीत एकेचाळीस जण तपासले गेले होते. एकेचाळिसांना पुन्हा बोलवायचं, आणि कारण लिहायचं. पहिल्या पत्रात तिने लिहिलं, 'यंत्रातील बिघाडामुळे'. क्रॅब्ट्रींनी ते वाचून परत केलं. मग तिने लिहिलं, 'यंत्रातील बिघाड आमच्या वेळीच लक्षात आला नाही, त्यामुळे'. तेवढं चाललं.

दहाव्या दिवशी निर्णय आला. उमेदवारी कायम, पण परीक्षा एक वर्ष पुढे. आणखी एक वर्ष मिस होलगेट. मार्लीनने आधी कागद दोनदा वाचला, मग खुर्चीत बसली. रडू यायला हवं होतं, पण भूक लागली. तिने कँटीनमध्ये जाऊन मटणाचा रस्सा दोनदा घेतला.

एकेचाळीस पत्रांतलं एक तिच्याच घरी आलं होतं. एडनाने ते चष्मा लावून वाचलं, घडी करून चहाच्या डब्यात मशीनच्या शेजारी ठेवलं, आणि ठरल्या दिवशी टोपी घालून इस्पितळात हजर झाली. पत्रात मार्लीनचं नाव नव्हतं. घरी आईला सांगायचं मार्लीनला धाडस झालं नव्हतं. क्रॅब्ट्रींनी एडनाला आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन लावला, दार ओढून घेतलं, आणि बाहेर येऊन मार्लीनकडे बघितलं.

"तपासायच्या आधी त्यांना कळायला हवं. तू सांगतेस की मी?" ते आत बोलायच्या मायक्रोफोनचं बटण दाबायला वाकले.

"त्याची गरज नाही," मार्लीन म्हणाली, आणि आईची खुर्ची सरळ वळवून आली.

मग ती दुहेरी काचेसमोर उभी राहिली आणि तोंड मोठं करून, आवाज न काढता, तीनशे मागांच्या गदारोळात बोलावं तसं बोलली. यंत्र बिघडलं होतं. ते पकडायचं काम माझं होतं. मला चार हजार ऐकू येत नाही. मी लपवलं. तुझं मशीन किंचाळत होतं ते खरं होतं. चूक माझी.

एडनाने सगळं ऐकलं, म्हणजे पाहिलं. मग तिचे ओठ हलले.

"माहितेय."

"काय माहितेय?"

"तुला ऐकू येत नाही ते. पाठमोरी असलीस की तू कधी ओ देतेस का?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुमच्या इस्पितळात चालत असेल तसं. शिकलेली तू." एडना थांबली. हातातलं बटण तिने मांडीवर ठेवलं. "आणि कुठल्या तोंडानं बोलू? माझ्या शेजारच्या मागावर तुला मीच उभी केली. पंधरा वर्षांची होतीस."

मार्लीनने काचेवर हात टेकवला.

क्रॅब्ट्री एकदा आत बघत होते, एकदा बाहेर. "काय म्हणाल्या?"

"'सुरू करा,' म्हणतेय," मार्लीनने सांगितलं, आणि आत जाऊन खुर्ची पुन्हा अर्धी वळवली.

एडनाला या खेपेला बेताच्या ताकदीचं मशीन मिळालं. ते तिने मुकाट्याने कानात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते कानातच होतं. इकडे सकाळच्या वहीच्या पहिल्या पानावर मार्लीनचा आलेख चिकटवला गेला, खड्ड्यासकट. रोज सकाळी ती चार हजाराचा सूर पंचावन्नावर ऐकायची, मग पन्नासावर तो येत नाही ना याची खात्री करायची, आणि मगच 'ठीक' लिहायची. क्रॅब्ट्री डिसेंबरभर रोज तिच्या मागे येऊन वही बघत. जानेवारीत त्यांनी बघणं सोडलं.

त्याच महिन्यात एका शुक्रवारी दोघी चिप्स आणि वाटाणे खाऊन स्वयंपाकघरात बसल्या होत्या. पर्सी पिंजऱ्यात फुगून बसला होता, झोपायच्या आधी बसतो तसा. एडना मोजा रफू करत होती. एकाएकी तिची सुई थांबली. तिने मान वर केली, पिंजऱ्याकडे बघितलं, आणि तशीच बघत राहिली.

"काय गं?" मार्लीनने विचारलं.

"तुला येतंय ऐकू?"

दोन महिन्यांपूर्वी ती सहज हो म्हणाली असती. तिने कान दिला. घड्याळाची टिकटिक होती, बाहेर एक बस चढावर गुरगुरत होती. पक्ष्याची चोच हलताना दिसत होती.

"नाही," मार्लीन म्हणाली.

एडनाने मोजा बाजूला ठेवला. मग ती लेकीकडे वळली आणि तोंड मोठं करून, भुवया उडवून, आवाज न काढता तिला एकेक शब्द दाखवला: एडना, चहा टाक.

मार्लीनने ते शब्द वाचले. आई अजून तिच्याकडेच बघत होती. मार्लीनने उठून किटली भरली आणि शेगडीवर ठेवली.